मिरजेच्या दर्ग्यातील संगीतसभा : खुल्या आवारात, तिकिटाविना

वारणाकाठ

विनामूल्य मैफलींविषयी येथे अधूनमधून विचारणा होते आणि उत्तरादाखल बहुधा पुण्या-मुंबईचीच नावे येतात. मिरजेला ख्वाजा शमसुद्दीन मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ जी संगीतसभा भरते, तिच्यावर स्वतंत्र धागा सापडला नाही, म्हणून हा प्रपंच. ज्यांनी ती ऐकली आहे त्यांनी भर घालावी आणि ज्यांना जायचे आहे त्यांनी निःसंकोच विचारावे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. खाँसाहेब १८७२ साली उत्तर प्रदेशातील कैराना येथे जन्मले आणि त्याच गावावरून त्यांच्या घराण्याला किराणा हे नाव मिळाले. काही काळ बडोद्याच्या दरबारात राहून ते ताराबाई माने यांच्यासह तेथून बाहेर पडले आणि पुढे मिरजेशी त्यांचे नाते कायमचे जडले. त्या नात्याची मिरजेत सांगितली जाणारी कथा अशी, की प्लेगने ग्रासलेल्या खाँसाहेबांनी मीरासाहेबांच्या दर्ग्यात येऊन गाण्यातूनच करुणा भाकली, त्यांना उतार पडला, आणि त्यानंतर दरवर्षी उरुसात दर्ग्याच्या आवारातील चिंचेखाली बसून गाण्याचा नेम त्यांनी धरला. कथेतला चमत्काराचा भाग ज्याने त्याने आपापल्या श्रद्धेने घ्यावा. नेमाचा भाग मात्र मिरजेच्या जुन्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जातो.

१९३७ साली मद्रासहून पाँडिचेरीकडे जात असताना खाँसाहेबांची प्रकृती एकाएकी बिघडली. ते सिंगपेरुमाळ कोइल नावाच्या लहानशा स्थानकावर उतरले, फलाटावरच त्यांनी नमाज पढला, दरबारी कानड्याच्या सुरांत ईश्वराचे नाव घेतले आणि २७ ऑक्टोबरला तेथेच देह ठेवला. एवढ्या दूरवरून त्यांचे पार्थिव मिरजेला आणून दर्ग्याच्या आवारातच दफन करण्यात आले. म्हणजे ज्या जागी ते उरुसात गात, तिथेच त्यांची कबर आहे आणि तिच्या सान्निध्यात आज ही सभा भरते. स्मृतिसमारोह पुष्कळ होतात, पण ज्याचे स्मरण करायचे तो गायक श्रोत्यांच्या इतक्या जवळ विसावलेला आहे, अशी जागा आपल्याकडे क्वचितच सापडेल.

मला या सभेचे विशेष वाटते ते तिच्या यजमानपदाचे. गावातले लोक मांडव घालतात, ध्वनिक्षेपक लावतात, कलावंतांची उतरण्याची सोय करतात, परंतु यजमान म्हणून त्यांपैकी कोणी मिरवत नाही. उरूस पिराचा, आवार पिराचे, आणि गाणारा पिरापुढे व खाँसाहेबांपुढे हजेरी लावायला आलेला. अशा ठिकाणी प्रवेशिका विकायची तरी कोणी आणि कोणाच्या अधिकारात? त्यामुळे आलेला श्रोता कोणाचा पाहुणाही नसतो आणि कोणाचे गिऱ्हाईकही नसतो. दवाखान्यात आपले माणूस दाखल आहे म्हणून मिरजेत मुक्काम पडलेला एखादा गृहस्थ, हातात थर्मास घेऊन, दोन घटका येऊन टेकतो आणि रात्री बाराचा ठोका पडून गेला तरी उठत नाही, हे मी तेथे पाहिलेले आहे. पाच-सातशे रुपयांचे तिकीट असते तर तो आत आला नसता, हे उघडच आहे. परंतु एखाद्या संस्थेने विनामूल्य प्रवेशिका वाटल्या असत्या, तरीही त्या मिळवायला तो गेला नसता.

खर्जसाधक

उत्तम धागा. सभा दोनदा ऐकलेली आहे, म्हणून थोडी दुसरी बाजू मांडतो. शांततेची अपेक्षा ठेवून कोणी जाऊ नये. उरूस म्हणजे पाळणे आले, खाजा मिठाईची दुकाने आली, मुलांच्या पिपाण्या आल्या आणि रस्त्यावरून जाणारे गलेफाचे, म्हणजे मजारीवर घालायच्या चादरीच्या मिरवणुकीचे, वाद्यवृंदही आले. किराण्याची गायकी लयीच्या झटापटीपेक्षा स्वराच्या लगावावर उभी आहे. एकेक स्वर हळूहळू उलगडत, शेजारच्या स्वराला नुसता स्पर्श करून मागे येत, अर्धा-पाऊण तास बढत करायची, हे तिचे मर्म. ही गायकी अशा गजबजाटात ऐकायची म्हणजे गाणाऱ्याची आणि ऐकणाऱ्याची दोघांचीही परीक्षा असते. एका वर्षी मारवा रागाच्या विलंबित ख्यालात गायिका कोमल ऋषभावर स्थिरावत असताना मांडवामागे कोणा पोराने पिपाणी फुंकली, आणि ती नेमकी मारव्यात नसलेल्या शुद्ध ऋषभाच्या आसपास लागली. गायिकेने डोळे न उघडता तो आवाज विरेपर्यंत स्वर धरून ठेवला आणि मगच ती पुढे सरकली. बंदिस्त सभागृहात हे पाहायला मिळाले नसते हे कबूल, परंतु मारवा तेवढा वेळ विस्कटला होता हेही खरे.

दुसरे म्हणजे श्रोत्यांची ये-जा. प्रवेश खुला असल्यामुळे लोक केव्हाही येतात आणि केव्हाही उठतात, आणि पुढ्यात बसून भ्रमणध्वनीवर चित्रीकरण करणारे तर आता सर्वत्रच झाले आहेत.

गल्लीतला

मी मिरजेचाच आहे आणि सतारमेकर गल्लीत माझे बालपण गेले, तेव्हा दोन शब्द वाद्यांविषयी लिहितो, कारण या सभेचा तो भाग बाहेरून आलेल्यांच्या सहसा लक्षात येत नाही.

मिरजेतील तंतुवाद्यांचा धंदा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनचा. तलवारी-भाल्यांना पाणी देणारी, धार लावणारी शिकलगार मंडळी संस्थानी काळात शस्त्रांची मागणी आटल्यावर सतार-तंबोऱ्यांकडे वळली, आणि या व्यवसायाचे मूळपुरुष म्हणून फरीदसाहेबांचे नाव आजही आदराने घेतले जाते. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, ते वृत्त अनेकांनी वाचले असेल. भोपळा मिरजेत पिकत नाही. तो पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने येतो. ते भोपळे खाण्याचे नसतात, कडू असतात, आणि वेलावरच पुरते मोठे व जाड सालीचे होऊ दिलेले असतात.

आता मुद्द्यावर येतो. खाँसाहेबांची ख्याती तंबोरा लावण्याविषयी फार मोठी होती. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी श्रुतींवर जे संशोधन केले, त्यासाठी खाँसाहेबांनी आपल्या गळ्यातून सूक्ष्म स्वरस्थाने दाखवून साहाय्य केले होते. अशा माणसाच्या कबरीजवळ बेसूर तंबोरा वाजणे गल्लीतल्या कारागिरांना कमीपणाचे वाटते. सभेच्या रात्री वाद्ये जुळवली जात असताना व्यासपीठाच्या कडेला बसून पाहावे. घोडीच्या, म्हणजे भोपळ्याच्या बाजूला तारा ज्या पट्टीवरून जातात तिच्या, पृष्ठभागावर तार जिथे टेकते तिथे तारेखाली दोऱ्याचा तुकडा सरकवतात. तो केसभर पुढे-मागे झाला की तारेचा आवाज मिटलेला असतो तो खुलतो, किंवा खुललेला मिटतो. हीच जवारी. घोडी कानशीने घासून जवारी काढणे हे कारखान्यातले काम असते, ते व्यासपीठावर करता येत नाही, त्यामुळे तेथे सारी भिस्त दोऱ्यावर आणि सूर किंचित चढवण्या-उतरवण्यासाठी तारेत ओवलेल्या मण्यांवर. मध्यरात्रीनंतर हवा गार पडली की तारा आकसून चढतात, आणि दोन ख्यालांच्या मधे तंबोरे पुन्हा उतरवून घ्यावे लागतात. त्या वेळी लोक चहाला उठतात. मी उठत नाही.

खर्जसाधक यांना एवढेच सांगेन, की गजबजाटाचा त्रास मागे बसणाऱ्यांना अधिक होतो. तंबोऱ्यापासून पंधरा-वीस फुटांच्या आत जागा मिळाली, तर बाहेरचा आवाज ऐकू येतो, पण बोचत नाही.

अनाहत

लेखनातील आस्था पोहोचली, तरी वारणाकाठ यांच्या मांडणीला एक आक्षेप नोंदवते. तिकिटाकडे आपण सारे जण थोड्या तुच्छतेने पाहतो आहोत असे मला वाटले, आणि ते ज्या गावाच्या संदर्भात चालले आहे त्या गावाच्या इतिहासाशी तरी ते जुळत नाही.

विष्णु दिगंबर पलुस्कर बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले ते मिरजेतच. तेथून १८९६ साली बाहेर पडल्यावर त्यांनी सौराष्ट्रात सर्वसामान्यांसाठी अल्प शुल्क आकारून जाहीर गायन केले. त्यामागचा विचार असा होता, की गवई हा संस्थानिकाच्या मर्जीवर जगणारा आश्रित न राहता लोकांसमोर स्वतःच्या विद्येच्या बळावर उभा राहावा. पुढे १९०१ मध्ये लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढले, तेही राजाश्रयापेक्षा लोकाश्रयाच्या भरवशावर.

आणि दुसरे उदाहरण तर खाँसाहेबांच्या घरातलेच आहे. त्यांची कन्या हिराबाई बडोदेकर यांचा जन्म १९०५ सालचा, मिरजेचा. आईवडील, म्हणजे ताराबाई आणि खाँसाहेब, विभक्त झाल्यावर मुले आईजवळ वाढली. ज्या काळात गाणारी स्त्री म्हणजे कोणाच्या तरी दिवाणखान्यात बसून गाणारी, असे समीकरण होते, त्या काळात तिकीट लावून रंगमंचावर शास्त्रीय गायन करणाऱ्या अगदी पहिल्या स्त्रियांपैकी हिराबाई होत. तिकीट काढून आलेला श्रोता समोर खुर्चीत बसतो, गाणे संपल्यावर टाळ्या वाजवतो आणि घरी जातो; गाणाऱ्या बाईवर त्याचा याहून अधिक हक्क नसतो. मैफलीला मोल लावल्यामुळे स्त्रीला जी प्रतिष्ठा मिळाली, ती आपण गृहीत धरून चाललो आहोत.

त्यामुळे दर्ग्यात विनामूल्य गाणे होते हे सुंदरच आहे, पण कलावंताला वर्षभराचा योगक्षेम कुठून तरी मिळतो म्हणूनच तो तेथे एक रात्र सेवा म्हणून गाऊ शकतो. कोवळ्या वयाच्या, अजून नाव न झालेल्या कलावंतांना 'येथे गायला मिळाले हेच मानधन' असे सांगितले जाते, तेव्हा मला अवघडायला होते. हे मी या सभेबद्दल म्हणत नाही, एकूणच विनामूल्य कार्यक्रमांबद्दल म्हणते आहे.

लष्करवासी

ग्वाल्हेरहून लिहितो आहे. आमची पाचवी पिढी येथल्या लष्कर नावाच्या भागात वाढते आहे आणि घरात मराठीच चालते, तेव्हा मराठी संस्थळावर येथल्या तानसेन समारोहाची माहिती देणे हे माझे कर्तव्यच समजतो, कारण या दोन्ही ठिकाणांत साम्य विलक्षण आहे.

येथेही सूफी संताचा दर्गा आहे. मुहम्मद घौस यांची अकबराच्या काळातील भव्य कबर, चहूबाजूंनी दगडी जाळ्या, आणि तिच्या शेजारी एका साध्या चौथऱ्यावर तानसेनाची छोटीशी समाधी. तेथेही चिंचच आहे. तिची पाने चावली की गळा गोड होतो या समजुतीपायी पूर्वीच्या गवयांनी मूळ झाड ओरबाडून काढले असे सांगतात. समारोहाचा आरंभ १९२४ साली शिंदे सरकारच्या काळात उरुसाच्या रूपाने झाला आणि २०२४ मध्ये त्याची शताब्दी साजरी झाली. आज तो शासनाकडून, फार मोठ्या मांडवात होतो, तरी प्रवेश अजूनही विनामूल्य आहे.

मला मात्र संध्याकाळच्या मोठ्या सभांपेक्षा उद्घाटनाच्या दिवसाची सकाळ अधिक प्रिय आहे. थंडीचे दिवस, धुके अजून उतरलेले नाही, आणि समाधीपाशी सनई वाजते. मग ढोलीबुवांच्या मठाचे महाराज हरिकथा करतात. हा मठ महाराष्ट्रातून आलेल्या नाथपरंपरेचा. पाठोपाठ त्याच जागी मिलाद, म्हणजे पैगंबरांचे स्तुतिपठण, होतो आणि चादर चढवली जाते. त्या वेळी उपस्थिती फारतर शे-दीडशे लोकांची असते आणि त्यांत निम्मे आमच्यासारखे दरवर्षीचे नेमकरी.

एक गोष्ट अनाहत यांच्यासाठी. बाळकृष्णबुवांनी जी गायकी मिरज-इचलकरंजीच्या बाजूला रुजवली ती ग्वाल्हेरचीच. तेव्हा पलुस्करांचे तिकीट आणि आमचा विनामूल्य उरूस, हे दोन्ही शेवटी एकाच कुळाचे निघाले.

हुबळीकर

मंडळी, किराण्याची गोष्ट चालली असताना कुंदगोळ राहून कसे चालेल? हुबळीपासून जवळच हे गाव आहे आणि तेथे नाडगीर घराण्याचा जुना वाडा आहे. खाँसाहेब या वाड्यात उतरत, आणि त्यांचे पट्टशिष्य रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजेच सवाई गंधर्व, याच गावचे. गंगूबाई हनगल हुबळीहून रेल्वेने येथे तालमीला येत. सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ वाड्यातच रात्रभर गाणे होते, प्रवेशमूल्य नसते, आणि श्रोते लाकडी खांबांच्या आधाराने जाजमावर बसतात. वाडा म्हणजे राहते घर असल्यामुळे तेथील अदब निराळी. पाहुण्याने यजमानाच्या सोप्यात बसावे तसे सारे अंग चोरून बसतात. मिरजेचा मोकळेपणा तेथे नाही, पण पिपाणीही नाही.

पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासूनचा. तेथे गुरुभक्तीला मोठ्या मांडवाचे आणि तिकिटाचे रूप आले. गुरूचे स्मरण मिरजेत खुल्या आवारात, शिष्याचे कुंदगोळला वाड्यात आणि पुण्याला तिकिटावर, अशी ही एकाच घराण्याची तीन बिऱ्हाडे आहेत.

वारणाकाठ

अनाहत, तुमचा आक्षेप मी बऱ्याच अंशी मान्य करतो, आणि हिराबाईंचे उदाहरण तर बिनतोड आहे. तरी एक भेद करावासा वाटतो. विनामूल्य कार्यक्रमांत दोन जाती आहेत. एकात कोणीतरी उदार होऊन इतरांना ऐकवतो. मग तो संस्थानिक असो, साखर कारखाना असो किंवा वाढदिवस साजरा करणारा पुढारी असो. तेथे गवई पुन्हा आश्रितच ठरतो आणि पलुस्करांनी ज्यातून सुटका करून घेतली त्याच पंगतीला आपण त्याला बसवतो. फलकावर देणगीदाराचे नाव गवयाच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत असते, यावरून ही जात ओळखता येते. दुसऱ्या जातीत देणारा दिसत नाही. दर्ग्यात मोठ्या नावाचा गवई आणि गावातला क्लास चालवणारा मास्तर एकाच जाजमावर बसतात, कारण दोघेही एकाच कबरीला सलाम करून आलेले असतात. आश्रय नसलेले विनामूल्य गाणे ते हेच, असे माझे म्हणणे आहे. नवोदितांच्या मानधनाचा तुमचा मुद्दा याने सुटत नाही, हेही मान्य. तो पहिल्या जातीच्या कार्यक्रमांच्या आयोजकांना ठणकावून विचारायला हवा.

खर्जसाधक, ये-जा करणाऱ्यांचा मला पूर्वी राग येई, आता तितका येत नाही. उरुसाला आलेला माणूस मुळात गाण्यासाठी आलेला नसतो. तो गलेफ घालायला, नवस फेडायला, पोरांना पाळण्यात बसवायला आलेला असतो. त्या उरुसात पहिल्या मानाचा गलेफ चर्मकार समाजाचा असतो, हे येथे आवर्जून नोंदवतो. जाता जाता तो दहा मिनिटे ख्याल ऐकतो. आपण त्याच्या उरुसात शिरलेलो आहोत, तो आपल्या मैफलीत शिरलेला नाही.

सांजसावली

धागा आजच वाचला. माझ्या सासूबाईंचे वय झालेले आहे, गुडघ्यांमुळे त्यांना खाली बसता येत नाही, पण खाँसाहेबांच्या जुन्या ध्वनिमुद्रिकांवर त्यांचे अतोनात प्रेम आहे. त्यांना पुण्याहून घेऊन जावे असे मनात आहे. स्त्रियांच्या बसण्याची काय व्यवस्था असते? सभेची तारीख कशी कळते? आणि आम्ही दर्ग्यात यापूर्वी कधी गेलेलो नाही, तेव्हा रीतभात काय पाळावी, हेही कोणी सांगितले तर बरे होईल.

गल्लीतला

ताई, अवश्य आणा. उरूस चांद्र महिन्याप्रमाणे येतो, त्यामुळे इंग्रजी तारीख दरवर्षी साधारण दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकते. मागल्या वर्षीची तारीख धरून आरक्षण केले आणि उरूस उरकल्यावर पोहोचले, असे पाहुणे गल्लीतल्या पुष्कळ घरांनी पाहिले आहेत. सांगली-मिरजेच्या वर्तमानपत्रांत आधी आठवडाभर बातमी येते, आणि तिच्यात गाणाऱ्यांची नावेही असतात. पुण्याहून मिरजेला थेट गाड्या आहेत आणि मिरज जंक्शनवरून दर्ग्यापर्यंत रिक्षा सहज मिळते. फक्त उरुसाच्या दिवसांत रिक्षा थोडे अलीकडेच सोडते, तेवढे अंतर गर्दीतून चालावे लागेल, म्हणून सासूबाईंना संध्याकाळी लवकर, दिवे लागण्याच्या सुमारास आणावे.

स्त्रिया सभेला मोठ्या संख्येने असतात, कोणी अडवत नाही. आवारात शिरताना पादत्राणे बाहेर ठेवावीत आणि डोक्यावर पदर किंवा ओढणी घ्यावी. पुरुषांनी रुमाल बांधला तरी चालतो. मुख्य मजारीपाशी जायचे असल्यास तेथे जे कोणी सेवेकरी असतील त्यांना विचारून जावे. बसायला बहुतेकांना जाजमच असते, परंतु वृद्धांसाठी कडेला खुर्ची मागितली तर कोणी ना कोणी आणून देतो. ती खुर्ची ध्वनिक्षेपकाच्या भिंतीपाशी मात्र मांडू देऊ नका. व्यासपीठाकडे तोंड करून, मागे बसणाऱ्या तंबोऱ्याच्या बाजूला मांडायला सांगा. अंगावर जाड शाल असू द्या, कारण उरूस अलीकडे थंडीत येतो आहे आणि खुल्या आवारात बाराच्या पुढे बोचरे वारे सुटते. खाँसाहेबांच्या कबरीकडे सभेआधीच जाऊन यावे. नंतर त्या बाजूला लोक दाटीने बसलेले असतात आणि वाट काढणे अवघड होते.

सांजसावली

मनःपूर्वक आभार. सासूबाईंना वाचून दाखवले. त्यांचा प्रश्न एकच आहे, भैरवी साधारण किती वाजता होते, कारण त्या ती ऐकल्याशिवाय उठणार नाहीत.

गल्लीतला

तिला वेळ नसतो. एखाद्या वर्षी दोनला आटोपते, एखाद्या वर्षी गाणारा रंगला तर पहाट होते. परतीची गाडी सकाळी उशिराची धरा.